खाडीत खोटी बदकं सोडावीत का?

खाजणकर: देवगडजवळ आमच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या पाणथळीत, थंडीत अडया आणि चक्रांग ही रानबदकं उतरतात. फोटो काढायला येणाऱ्यांसाठी झावळ्यांचा आडोसा केलाय, पण पाखरं नेमकी पलीकडच्या काठाला बसतात. ती अलीकडे उतरावीत म्हणून पांगाऱ्याच्या लाकडाची सहा खोटी बदकं केली. मान खुंटीवर बसते, काढली की सगळी एका पिशवीत मावतात. पहिलं बदक वाऱ्यानं कुशीवर कलंडायचं. पोटाखाली उभी फळी ठोकून तिला जाळ्याचं शिसं बांधलं, तेव्हा सरळ तरंगलं. दोरीला भरतीपुरती ढील ठेवलीय. रंग मुद्दाम मळकट दिलाय, चकाकलं की पाखरं बिचकतात. शिकारीचा हेतू अजिबात नाही. तुमचं मत काय?

सड्यावरची: मला हे पटत नाही, दादा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच आमिष दाखवणं येतं. वनखात्याला विचारलंत का? आणि चक्रांग हिमालय ओलांडून इथं पोट भरायला येतो. त्याला फसवून माणसांजवळ उतरवायचं, मग कोणी खोकलं की तो उडणार. त्या प्रत्येक उडण्यात त्याची शक्ती जाते.

ओहोटी: खोटं पाखरू म्हणजे घातच, असं नाही. अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्यावर ईस्टर्न एग रॉक बेटावरचे पफिन हे समुद्रपक्षी शिकारीनं संपले होते. १९७३ पासून तिथं बाहेरून पिल्लं आणून वाढवली. मोठी झाल्यावर ती परत यावीत म्हणून खडकांवर लाकडी पफिन उभे केले. १९८१ मध्ये तिथं पुन्हा वीण झाली. शिसं मात्र आजच काढा, खाजणकर. बदकं दाणा दळायला खडे गिळतात, त्यात शिसं गेलं तर विषबाधा होते. बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे अमेरिकेनं १९९१ पासून बंद केले ते यामुळेच.

खाजणकर: शिसं आजच काढतो, त्याजागी नदीतले गोटे बांधेन. वनखात्याकडे लेखी विचारतो, तोवर बदकं घरातच राहतील. पण माणसं लांबून बघून निघून गेली, तर या खाजणाची किंमत गावाला कशी कळणार? भराव घालायला लोक टपलेत.

सड्यावरची: भरावाची भीती मलाही आहे. त्यासाठी दुर्बीण द्या, बांधावरून दाखवा. अडया रात्री चरतात आणि दिवसा विसावतात. पलीकडचा काठ त्यांनी त्यासाठीच निवडलाय.