हार्मोन इंजेक्शननंतर बाबांना रात्री घामाचे लोट, अंगात त्राण नाही: मदत हवी आहे

बाबा ७१ वर्षांचे, ठाण्यात राहतात. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेला नाही. रेडिएशन झालं. ल्युप्रोलाइड हे हार्मोन इंजेक्शन २२.५ मिग्रॅ, दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं घ्यायचं आहे. दोन झाली, तिसरं पुढच्या आठवड्यात. रात्री तीन-चारदा बनियन पिळावं इतका घाम येतो, मग हुडहुडी. पोट सुटलं, मांड्या ओसरल्या. मधुमेहाला मेटफॉर्मिन चालू. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) अगदी खाली आलाय, म्हणून "आता इंजेक्शन नको" म्हणतात. काय करावं?

उपवन_फेरी:
घामाचं आधी. या इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, एकदम उतरलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घाम फोडतं, आणि तो वाळताना थंडी वाजते. म्हणून अंग तापूच द्यायचं नाही. संध्याकाळनंतर कडक चहा, झणझणीत जेवण आणि दारू बंद. ठाण्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे पंख्याचा झोत थेट अंगावर हवा. जाड गोधडीऐवजी दोन पातळ चादरी, म्हणजे एक पटकन सारता येते. उशाशी सुकं बनियन आणि पंचा ठेवा.

आठवडाभर वहीत लिहा: किती वाजता, किती वेळ, आधी काय खाल्लं-प्यायलं. डॉक्टर औषध ठरवतात ते यावरूनच. घाम कमी करायला वेनलाफॅक्सिन दिलं तर रक्तदाब मोजत राहा आणि ते मनाने अचानक थांबवू नका. गॅबापेंटिनने गुंगी येते. रात्री लघवीला उठताना तोल जाऊ शकतो, तेव्हा वाटेत दिवा हवाच. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हाही पर्याय आहे.

एक कळकळीची विनंती. ताकदीसाठी शिलाजित, अश्वगंधेची चूर्णं परस्पर देऊ नका. यातली बरीचशी टेस्टोस्टेरॉन वाढवण्यासाठीच विकली जातात, आणि इथे सगळी धडपड ते खाली ठेवण्याची आहे.

खारघर_व्यायाम:
घाम दिसतो, या इंजेक्शनने होणारी हाडांची झीज दिसत नाही. मला काळजी तिची जास्त वाटते. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) झाला नसेल तर या भेटीत मागून घ्या. कॅल्शियम आहारासकट दिवसाला १०००-१२०० मिग्रॅ पुरतं. पेलाभर दुधात साधारण २४० मिग्रॅ मिळतं, नाचणीच्या एका भाकरीत सव्वाशेच्या आसपास. तेवढं वजा करून उरलेलीच गोळी घ्यायची. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यापासून चार तास लांब. 'ड' जीवनसत्त्व तपासून घ्या.

थकव्यावर पडून राहणं हा उपाय नव्हे, त्याने स्नायू आणखी उतरतात. तळ्याकाठी अर्धा तास चालणं चांगलं, पण नुसत्या चालण्याने मांड्या भरत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठ-बस, दोन फेऱ्या. भिंतीला हात लावून दहा दंड. लिटरभर पाण्याची बाटली हातात धरून कोपरातून दहा वेळा वर. सोपं वाटू लागलं की वजन वाढवा. हाडं ठिसूळ निघाली तर वजन घेऊन पुढे वाकणं टाळा.

हिमोग्लोबिनही बघा, या उपचारात ते उतरतं. थकव्याचं अर्धं कारण तिथे सापडू शकतं. साखर वाढते, म्हणून दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), शिवाय कोलेस्टेरॉल.

प्रश्नकर्ता:
डेक्सा लिहून घेतो. पण इंजेक्शन एकदा चुकवलं तर थोडा आराम पडेल का?

उपवन_फेरी:
लगेच नाही. औषध थांबवल्यावर टेस्टोस्टेरॉन परत यायला महिने लागतात, या वयात अधिकच. म्हणजे घाम चालूच राहील आणि उपचार अर्धवट. पीएसए खाली आहे तो काही अंशी या इंजेक्शनमुळेच. एकूण कालावधी दीड वर्षावर आणता येईल का, हे मात्र डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. काही रुग्णांत तसं करतात.

खारघर_व्यायाम:
हाडांसाठी डेनोसुमॅब (६० मिग्रॅ, दर सहा महिन्यांनी) सुचवलं, तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. काढायचा दात असेल तर तो भरून येऊ द्या, मगच सुई. आणि ही सुई परस्पर थांबवायची नाही. थांबवल्यावर मणके मोडण्याचा धोका असतो. बाबांना अचानक पाठीत नवी कळ, पायांत बळ कमी किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.