मदत हवी आहे: एमएच-०९ गाडी, चेसिस नंबर री-पंच केल्यासारखा (पुन्हा ठोकलेला)

निपाणीत एक २०१७ची डिझेल स्विफ्ट बघितली आहे. पासिंग कोल्हापूरचं, आपल्याला केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंग, करून घ्यायची आहे. मालक पहिलाच, स्वतः समोर आहे. मध्ये एजंट नाही.

आतापर्यंत एवढं तपासलंय: एमपरिवहनवर मालकाचं नाव, इंजिन नंबर, इन्शुरन्स जुळतात. कर्ज फिटलंय, आरसीवरचं हायपोथिकेशन (बँकेचा बोजा) उतरलंय. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वाहन शोधात चोरीची नोंद दिसत नाही. पण त्यावर मी विसंबत नाही. पोलीस ठाण्यातून माहिती भरलीच नसेल तर तिथं गाडी स्वच्छच दिसणार. आणि दुसऱ्या गाडीचा नंबर हिच्यावर मारला असेल तर ऑनलाइन सगळं जुळणारच.

अडलंय ते इथं. चेसिस नंबराचे १७ आकडे-अक्षरं पुसून बघितली. शेवटची चार किंचित वर सरकलेली, ठोक कमी खोल. त्यांच्याभोवती रंग जाड आहे, बाजूने टॉर्च मारला की खाली ग्राइंडरचे बारीक ओरखडे दिसतात. मालक म्हणतो, अपघातात पत्रा बदलला. आरसीवर री-पंचची नोंद नाही. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप मी घेऊन ठेवलाय.

आरटीओची एनओसी (ना-हरकत), म्हणजे फॉर्म २८, निघेपर्यंत टोकन द्यायचं नाही हे ठरलंय. 'सोडून दे' हा सल्ला मान्य आहे, पण मालक खरं बोलत असेल तर खात्री करायची आहे.

कोल्हापूर आरटीओतल्या मूळ फाइलमधल्या छापाशी माझा छाप पडताळायला मालकाने नेमका कोणता अर्ज द्यायचा, आणि नोंद राहून गेलेला री-पंच आता नियमित करून मिळतो का?