मदत हवी आहे: ११ ओहमच्या एलएस३/५ए स्पीकरला कोणता अॅम्प्लिफायर जुळेल?

नमस्कार मंडळी. लातूरला आमच्या घरी बीबीसीच्या आराखड्यानुसार बनवलेली एलएस३/५ए स्पीकरची जुनी, ११ ओहमची (म्हणजे तेवढ्या विद्युत अवरोधाची) जोडी आहे. त्यांची संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या ताकदीवर निघणारा आवाज, एका वॅटला एक मीटरवर जेमतेम ८२-८३ डेसिबल असल्याने, आणि ८ ओहमवर ५० वॅट देणारा माझा ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायर ११ ओहमवर साधारण ३६ वॅटच देत असल्याने, ख्याल ऐकताना आवाज पुरतो, पण पखवाज रंगात आला की थाप बोथट होते. दोष अॅम्प्लिफायरचा, की खालचे स्वर देणाऱ्या एवढ्याशा पाच इंची वूफरची मर्यादाच ती? वॅट दुप्पट केले तरी वाढणार ३ डेसिबल, म्हणून नुसत्या ताकदीमागे धावणे मला पटत नाही.

ट्रान्झिस्टरऐवजी व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अॅम्प्लिफायर घेतल्यास ८ आणि १६ ओहमच्या टर्मिनलपैकी कोणते वापरावे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे. शिवाय उन्हाळ्यात आमच्याकडे विजेचा दाब सतत वरखाली होतो आणि इन्व्हर्टरवर गेले की सध्याच्या अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागतो. अशा ठिकाणी व्हॉल्व्हसाठी विजेचा दाब स्थिर ठेवणारा सर्वो स्टॅबिलायझर पुरेल का? खोलीत आवाज परतवणारी शहाबादी फरशी आहे, तेव्हा आधी जाड सतरंजी अंथरून पाहावी असे कोणी सुचवणार असेल, तर तेही ऐकायची तयारी आहे.