स्टँडर्ड कॉस्टिंग मोडीत काढायचं म्हणे!

कॉस्टिंगवाला: काल इथे एकाने ठोकून दिलं की स्टँडर्ड कॉस्टिंग (खर्च आधी ठरवून प्रत्यक्ष खर्चाशी ताडून बघणं) मेलं, साबण-बिस्किटवाल्यांनी सरसकट एबीसी (कोणत्या कामाला किती खर्च झाला ते बघून तो त्या-त्या मालावर टाकणं) घ्यावं. डोकं फिरलं वाचून. बिस्किटाच्या लाइनवर कधी उभे राहिलात का? पाकिटावर ५० ग्रॅम छापलं की लॉटची सरासरी त्याखाली जाऊन चालत नाही, वैधमापनवाले धरतात. म्हणून सगळेच किंचित जास्त भरतात. एक ग्रॅम जादा म्हणजे मटेरियल दोन टक्के जादा. हे रोजच्या युसेज व्हेरियन्समध्ये, म्हणजे ठरल्यापेक्षा किती माल जास्त लागला त्या फरकात, दिसतं. तुमचं एबीसी तिमाहीनंतर उगवणार!

मूळ पोस्टवाला: उभा राहिलोय, साबणाच्या लाइनवर. आमच्याकडे ओव्हरहेड (वीज, देखरेख असले वरखर्च) टनावर वाटायचे. म्हणजे हॉटेलच्या १० ग्रॅमच्या दहा वड्या आणि १०० ग्रॅमची एक वडी, दोन्हींवर बोजा सारखाच. रॅपर मात्र दहा वेळा गुंडाळायचा. लाल साबणानंतर पांढरा घ्यायचा तर प्लॉडर (साबण दाबून बाहेर काढणारं मशीन) साफ करा, सुरुवातीचा माल पुन्हा प्रक्रियेला टाका. तो खर्च मोठ्या वडीच्या बोकांडी, आणि हॉटेलची ऑर्डर कागदावर फायद्यात. एबीसी मांडणारे कूपर आणि कॅप्लन १९८०च्या दशकात हेच सांगत होते.

सीएमए (कॉस्ट अकाउंटंट), नाशिक: टनावर वाटणं हा तुमच्या कारखान्याचा आळस, पद्धतीचा दोष नाही. मशीन किती तास चाललं त्यावर रेट काढा. बाकी कॉस्टिंगवाल्यांनीही फार ताणू नये. मार्चमध्ये स्टँडर्ड बांधलं आणि २८ एप्रिल २०२२ला इंडोनेशियाने साबण-बिस्किटांत लागणाऱ्या पामतेलाची निर्यात रोखली. २३ मेला बंदी उठली, पण तोवर प्राइस व्हेरियन्सचा (ठरलेल्या आणि खऱ्या भावातल्या फरकाचा) तक्ता कोणाला दाखवायच्या लायकीचा राहिला नव्हता.

किराणावाला: तुमच्या सगळ्या पद्धतींचा शेवट एकच, पुडा हलका करायचा. पाचचा पुडा पाचलाच, बिस्किटं कमी. गिऱ्हाईक बोलणी मला घालतं, तुम्हाला नाही.

कॉस्टिंगवाला: वजन मार्केटिंग ठरवतं, आम्ही नाही. आणि ते पाकिटावर छापलेलं असतं!

किराणावाला: म्हातारी माणसं ते बारीक अक्षर वाचतात होय? माझ्या दुकानात एक आजी दोन पुडे हातात तोलून जुना मागत होत्या. त्यांना काय सांगू, व्हेरियन्स?

मूळ पोस्टवाला: यांचं बरोबर आहे. २२ सप्टेंबर २०२५ला बिस्किटांवरचा जीएसटी १८चा ५ टक्के झाला. पाच रुपयांतून कर वजा जाता ४.२४ उरायचे, आता ४.७६. किंमत पाचच ठेवायची तर वजन वाढवा.

कॉस्टिंगवाला: विषय कुठे नेलात! मैदा, तेल, डिझेल तेव्हापासून तिथेच थांबलंय का?

किराणावाला: महाग झालं की लगेच वजन उतरतं. स्वस्ताईलाच हिशोब का लागतो?

सीएमए, नाशिक: याला उत्तर नाही, कॉस्टिंगवाले.

कॉस्टिंगवाला: नसेल. मूळ मुद्द्यावर एवढंच मानतो की हॉटेलच्या वड्या आणि चेंजओव्हर (एक माल थांबवून दुसरा घेणं) यांचा खर्च वेगळा काढावा, वर्षातून एकदा, किमती ठरवताना. रोजचा व्हेरियन्स रिपोर्ट मी बंद करू देणार नाही.

मूळ पोस्टवाला: एकदा नाही, दर नव्या ऑर्डरला. निम्मं मानलंत, उरलेल्यासाठी भांडत राहीन.