मेनोर्का, कामी दे कावाल्स: तंबू आणि पाणी (अर्जंट)

पायपीट: कामी दे कावाल्स, म्हणजे स्पेनच्या मेनोर्का बेटाला किनाऱ्याने वळसा घालणारी वाट, पूर्ण करायचाय, अख्खं बेट, १८५ किमी. तिकीट काढलंय. तंबू कुठे लावता येतो आणि पाणी कुठे भरायचं एवढंच सांगा, बाकी सगळीकडे नुसते बीचचे फोटो. प्लीज लवकर, बुकिंग अडकलंय.

सह्यवेडा: महिना कुठला? एकटे का ग्रुप? सुरुवात पूर्व टोकाच्या माओ शहरातून का पश्चिमेच्या सिउताडेलाहून?

लीड्सकर: तंबू विसरा. उघड्यावर कॅम्पिंगला बंदी आहे. दक्षिण किनाऱ्यावर सोन बोऊला कॅम्पसाइट आहे पण तीही सीझनपुरतीच. मी मे महिन्यात उलट दिशेने केला, तसाच करा, दक्षिण आधी म्हणजे पाय सरावतात.

सह्यवेडा: उलट कशाला? वाटेवरच्या खुणेच्या खांबांवरचे नंबर माओहून सुरू होतात, उत्तर किनारा अवघड आहे तो ताज्या पायांनी उरकून घ्यावा.

जुनीपानं: मुळात हा घोडेस्वारांचा पहाऱ्याचा रस्ता, १४व्या शतकातला म्हणतात, पुढे १८व्या शतकात इंग्रज-फ्रेंच फौजाही किनारा राखायला तोच वापरत...

लीड्सकर: अहो त्यांनी पाणी विचारलंय.

जुनीपानं: ऐका तर! वाट खाजगी शेतांतून जाते, शेतमालकांनी फाटकं बंद केलेली, २००० साली कायदा झाला तेव्हा लोकांचा हक्क मान्य झाला आणि २०१० ला सगळी वाट खुली झाली. म्हणून प्रत्येक फाटक मागे लावून घ्या, गुरं असतात.

पायपीट: महिना नोव्हेंबर, सुट्टी तेव्हाच मिळते. एकटाच.

सह्यवेडा: हे आधी सांगायचं ना राव!! नोव्हेंबरात किनाऱ्यावरची बहुतेक हॉटेलं आणि बार बंद असतात, तिकडच्या बसही कमी. माओ आणि सिउताडेला इथे मुक्काम करा, रोज टॅक्सीने किंवा बसने टप्प्यापर्यंत जा-ये करा. उत्तर किनाऱ्यावर बिनिमेल्ला ते अल्गायारेन्स १८-१९ किमी दुकान नाही, तीन-चार लिटर पाणी पाठीवरच न्या, वाटेत मिळेल असं धरूच नका. अंधार लवकर पडतो आणि उत्तरेचा त्रामुंताना वारा सुटला की त्या बाजूला जाऊ नका.

खादाडखाऊ: माओचं चीज खाच. तिकडची जिनपण भारी, इंग्रज खलाशांमुळे आली म्हणे.

लीड्सकर: तरी उलटच करा.

पायपीट: पण बंद हॉटेलांच्या पट्ट्यात टॅक्सी येते का? बिनिमेल्ला-अल्गायारेन्सच्या मधल्या एल्स अलॉक्सला?

सह्यवेडा: तिथवर रस्ता आहे पण खराब, सगळे ड्रायव्हर येत नाहीत, आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा.

कोकणकन्या: घोड्यावरून करता येतं का हे? माझ्या मुलीला विचारायचंय.