चर्चा: सोलापूरच्या घरात रोजचा स्वयंपाक इंडक्शनवर का होऊ नये?

जुळे सोलापूरकर
आपल्याकडे इंडक्शन म्हणजे सिलिंडर संपला तर काढायची वस्तू. मला हे उलटं वाटतं. चहा, दूध, वरण-भात, भाज्या रोज इंडक्शनवर व्हाव्यात आणि गॅस जोडीला असावा. कारण आपला उन्हाळा. बाहेर पारा चाळिशीच्या वर, आणि पंखा लावला की ज्योत फडफडते म्हणून घरची बाई पंखा बंद करून ओट्यापुढे उभी. इंडक्शनला ज्योतच नाही. काचेखालच्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा तळ स्वतःच तापतो, बाजूने धग निसटत नाही, पंखा खुशाल चालू ठेवा. पैशांचा हिशेब त्यानंतर.

शेंगाचटणी
पंख्याचं पटलं. पण भाकरीचं काय? घरात लोखंडी तवा आहे, तो इंडक्शनवर चालतो, मी करून बघितलंय. भाकरी मध्ये, कॉइलएवढ्या भागात, करपते आणि कडा पांढऱ्या राहतात. भाकरी फिरवून फिरवून हात दुखतात. पापुद्रा सुटायला शेवटी विस्तवावर धरावी लागते, तो विस्तव कुठून आणणार? कडक भाकरीला तर मंद, एकसारखी आच लागते. स्वस्तातलं इंडक्शन कमी पॉवरवर ठेवलं की मंद तापत नाही, थोडा वेळ पूर्ण तापतं, थोडा वेळ बंद राहतं. शेंगा भाजतानाही तेच, काही काळ्या, काही कच्च्या.

जुळे सोलापूरकर
ताई, म्हणूनच गॅस जोडीला म्हणालो. भाकरी गॅसवर, बाकीचं इंडक्शनवर.

शेंगाचटणी
अहो दादा, ओट्यापुढे सगळ्यात जास्त वेळ उभं राहावं लागतं ते भाकरीलाच. कुकर लावला की बाई बाजूला होते, भाकरीला हलता येत नाही. म्हणजे ज्या उकाड्यासाठी तुम्ही हे सगळं मांडलंत, तो तिथेच राहिला.

विजापूर रोड
मी पैशांचं बोलतो. महावितरणचं बिल 100 युनिटच्या वर गेलं की दर एकदम चढतो. इंडक्शन आलं की सगळं बिलच महाग होणार. मध्यमवर्गीय घराला हे झेपत नाही.

तीन फेज
काका, सगळं बिल महाग होत नाही. पहिल्या 100 युनिटना पहिलाच दर, वरच्या युनिटना फक्त वरचा. पण इंडक्शनचे युनिट त्या वरच्याच भागात पडतात हे खरं, म्हणून हिशेब वरच्या दरानेच करा, वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवायचा आकार) आणि 16 टक्के वीज शुल्क धरून. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिटएवढी उष्णता असते. शेगडीवर त्यातली साठ-पासष्ट टक्के भांड्याला लागते, इंडक्शनवर पंच्याऐंशीच्या आसपास. म्हणजे एका सिलिंडरचं काम सुमारे 130 ते 140 युनिटमध्ये होतं. सिलिंडरच्या किमतीला 135 ने भागा. येणारा आकडा तुमच्या वरच्या दरापेक्षा कमी असेल तर गॅसच स्वस्त, आणि तुमच्या घरी बहुधा तसंच निघेल.

मी वायरिंगची कामं करतो, त्यामुळे माझी काळजी वेगळी आहे. 2000 वॅटचं इंडक्शन जवळपास 9 अँपिअर ओढतं. जुन्या घरांत ते मिक्सरच्या 6 अँपिअरच्या सॉकेटला, तेही एक्स्टेंशन लावून जोडलेलं दिसतं. सॉकेट पिवळं पडतं, मग वितळतं. 16 अँपिअरचा पॉइंट, जाड वायर, अर्थिंग, हे आधी. आणि स्वयंपाक झाला की लगेच भिंतीवरचं बटण बंद करू नका, आतला पंखा थोडा वेळ फिरून कॉइल गार करतो.

होटगी रोड
छतावर सोलर असेल तर विजापूर रोडकरांचा मुद्दा उरत नाही. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे आणि ऊन आपल्याकडे पोत्याने आहे. दुपारचा स्वयंपाक जवळजवळ फुकट.

विजापूर रोड
छत स्वतःचं असेल तर. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याने पॅनेल कुठे लावायचं? आणि भांडी? आमच्याकडे जर्मनची पातेली, हिंडालियमची कढई, साधा ॲल्युमिनियमचा कुकर. एकही चालत नाही. इंडक्शनच्या किमतीएवढी तर नवी भांडीच होतात.

तीन फेज
भांड्यांचं खरं आहे. दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. बुडाला घट्ट चिकटला तर घ्या. नुसतं स्टील असून भागत नाही, काही स्टीलला चुंबक धरत नाही. तळ सपाट हवा, गोल बुडाची कढई उपयोगाची नाही. घरात कोणाला पेसमेकर असेल तर चालू इंडक्शनपासून दोन फूट लांब राहावं आणि डॉक्टरांना विचारूनच वापरावं.

शेंगाचटणी
एवढा खर्च करायचाच असेल तर आधी खिडकीत एक्झॉस्ट बसवा. धग बाहेर जाईल आणि भाकरीही होईल.

जुळे सोलापूरकर
मे महिन्यात एक्झॉस्ट आतली हवा बाहेर टाकतो आणि त्या जागी बाहेरची तापलेली हवाच आत येते, ताई. तरी भाकरीचं तुमचं म्हणणं मी खोडत नाही. उन्हाळ्यात भाकऱ्या पहाटे थापून घ्याव्यात. कडक भाकरी तर टिकतेच. मग दिवसभर ज्योत पेटवायची गरज काय?

शेंगाचटणी
पहाटे उठणार कोण, तेही सांगा. आमच्या घरी त्या वेळी नळाला पाणी येतं.