बिझनेस इंग्लिशचा प्रोजेक्ट ६४ मुलांच्या वर्गात कसा बसवावा?

प्रश्न: बी.कॉम. दुसरं वर्ष, बहुतेक मुलं मराठी माध्यमातली. हाताशी ६ आठवडे, आठवड्याला दोन तास. पत्रांचे नमुने पाठ करून घ्यायचे नाहीत. पण कंपनीची माहिती गोळा करा म्हटलं की नेटवरचं उतरवून, स्पायरल बाइंडिंग करून आणतात. विषय काय द्यावा? गुण कसे द्यावेत?

प्रतिसाद १: माहिती नको, व्यवहार करायला लावा. सांगलीच्या बेदाण्याची निर्यात घ्या. चारचारांचे १६ गट: ८ विकणारे, ८ घेणारे, जोड्या लावून. विकणाऱ्याच्या कागदावर किमान दर आणि शिल्लक माल, घेणाऱ्याच्या कागदावर बजेट आणि माल हवा ती तारीख. हे कागद एकमेकांना दाखवायचे नाहीत. मग चौकशी, कोटेशन, घासाघीस, सुधारित कोटेशन, ऑर्डर, ऑर्डरची पोच. समोरून आलेला ईमेल नीट वाचल्याशिवाय आपला लिहिताच येत नाही, त्यामुळे नेटवरचं उतरवून भागत नाही. पाचव्या आठवड्यात तुम्ही बिघाड घाला: १० किलोच्या १,००० खोक्यांपैकी ४० ओली निघाली. आता तक्रार आणि तिचं उत्तर. भाषेचा खरा कस इथे लागतो.

प्रतिसाद २: मांडणी उत्तम. फक्त दर 'एफओबी न्हावा शेवा' की 'सीआयएफ', हे कोटेशनमध्ये हवंच. एफओबीमध्ये माल न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च विकणाऱ्याकडे, सीआयएफमध्ये पोहोचण्याच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमाही त्याच्याकडेच. जोखीम मात्र दोन्हींत माल जहाजावर चढला की घेणाऱ्याची. म्हणून खोकी कुठे भिजली, हे तक्रारीत आलंच पाहिजे: समुद्रात भिजली तर दावा विम्याकडे, पॅकिंगच ओलं असेल तर विकणाऱ्याकडे. मुलं नुसतं 'गुड्स आर डॅमेज्ड' लिहून मोकळी होतात. किती खोकी, कोणता लॉट, फोटो, काय भरपाई हवी, हे चारही मुद्दे मागा.

प्रश्नकर्ता: एवढे ईमेल तपासायचे कधी?

प्रतिसाद १: जोडीमागे ८, म्हणजे एकूण ६४. प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर एक. लिहिणाऱ्याचं नाव वर घाला, म्हणजे एकच हुशार मुलगी सगळं ओढत नाही. सगळ्या चुका लाल करू नका, समोरचा गोंधळेल तेवढ्याच खुणा करा. 'काइंडली डू द नीडफुल' दिसलं की परत द्या: कोणी, काय, कधीपर्यंत?

प्रतिसाद ३: २० पैकी ८ गुण गटाला, १२ ज्याचे त्याला. त्या १२ पैकी ६ त्याच्या ईमेलचे आणि ६ शेवटच्या तासाचे: न पाहिलेला ईमेल द्या, १५ मिनिटांत वर्गातच हाताने उत्तर. घरी एआयकडून लिहून घेतलेलं इथे लगेच उघडं पडतं.